शुभेच्छुकांच्या ओळीतून आमची नावं काढा, मतदार यादीत घाला

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व राजकीय पक्षांचे अध्यक्ष, लोकप्रतिनिधी आणि युवक आघाड्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

सात रस्त्यावरून पार्क चौकाकडे जाताना कोणताही वाढदिवसाचा फ्लेक्स नीट पाहा. वर दिल्ली-मुंबईचे नेते, मध्ये ज्यांचा वाढदिवस ते, आणि अगदी खाली पासपोर्ट आकाराचे तीस-चाळीस चेहरे. ते चेहरे आमच्या वयाचे असतात. कोणी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, कोणी आयटीआयला, कोणी बारावी करून टॉवेलच्या कारखान्यात लागलेला. खाली नाव आणि ‘शुभेच्छुक’ एवढंच. यातल्या किती जणांचं नाव मतदार यादीत आहे, किती जणांची शिष्यवृत्ती अडकली आहे, हे पक्षाच्या कार्यालयात बसून कोणी तपासलं आहे का? हे पत्र त्यासाठी आहे. आम्हाला राजकारणाचा कंटाळा आलेला नाही. उलट आम्हाला त्यात काम हवं आहे, आणि ते कोणतं हे आम्ही नेमकं सांगणार आहोत.

आधी मतदार यादी. सोलापूर महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली आणि त्यानंतरची १५ जानेवारी २०२६ ला. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून शहर प्रशासकांच्या हाती होतं. मार्च २०१७ मध्ये जो अठरा वर्षांचा झाला, त्याने महापालिकेसाठी पहिलं मत दिलं तेव्हा तो सव्वीस पार करून गेला होता. आणि दिलं असेल तर, हेही लक्षात घ्या. कारण या निवडणुकीसाठी विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. १ जुलै २०२५ नंतर अठरा पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी मतदानाच्या दिवशी कायद्याने सज्ञान होती, पण यादीत नव्हती. आता त्यांची पाळी पुढच्या निवडणुकीत. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. आमच्या शहरात ते व्यवहारात पुन्हा पंचविशीच्या पुढे गेलं.

मतदार यादीवर देशभर वाद चालू आहे. २०२५ मध्ये बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झालं, १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती, त्यावर संसद तापली. महाराष्ट्रातल्या २०२४ च्या याद्यांवरूनही तुम्ही सगळे एकमेकांवर बोललात. बोलायलाच हवं. पण नाव गळतं ते दिल्लीत नाही, विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बंद दारासमोर गळतं. यादीसाठी घरोघर फिरणारा बीएलओ, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बहुतेक वेळा शाळेतल्या बाई नाही तर अंगणवाडी सेविका. त्या आपलं काम संपवून दुपारी गल्लीत येतात. त्या वेळी आई वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात जमा करायला गेलेली, वडील मागावर, मुलगा कॉलेजात. शेजारी सांगतात, ‘इथं राहत नाहीत आता.’ भाड्याची खोली बदलून लोक दोन गल्ल्या पलीकडे गेलेले असतात, इतकंच. पण यादीत नावापुढे ‘स्थलांतरित’ अशी नोंद होण्याची सुरुवात इथून होते. नाव वगळण्यासाठी अर्ज ७ असतो, नोटीस काढावी लागते, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस मात्र त्याच जुन्या दारावर येते.

तिथे बीएलओबरोबर तुमचा माणूस उभा असायला हवा, आणि निवडणूक आयोगाने तो ठेवायला तुम्हाला परवानगीच दिली आहे. त्याला बीएलए म्हणतात, मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी. मान्यताप्राप्त पक्ष प्रत्येक यादी भागासाठी, म्हणजे एकेका केंद्राच्या यादीसाठी, असा एक प्रतिनिधी नेमू शकतो. पक्षाने बीएलए-१ या नमुन्यात नेमणुकीचे अधिकार कोणाला ते कळवायचं, मग त्या व्यक्तीने बीएलए-२ वर एकेकाची नेमणूक करायची. तो माणूस शक्यतो त्याच भागाचा मतदार असावा लागतो, सरकारी नोकर चालत नाही. नेहमीच्या काळात तो बीएलओकडे दिवसाला दहा अर्ज एकत्र देऊ शकतो; एकूण तीसच्या वर गेले तर नोंदणी अधिकारी स्वतः पडताळणी करतात, आणि ‘मी तपशील स्वतः तपासला आहे’ असं त्याला लिहून द्यावं लागतं. म्हणजे जबाबदारीचं काम आहे, चुकीचं लिहिलं तर अंगावर येणारं. हे काम आम्हाला द्या. गल्लीतलं कोण कुठल्या खोलीत गेलं, कोणाची मुलगी लग्न होऊन विजयपूरला गेली, कोण वारलं, हे वीस वर्षांच्या मुलीला माहीत असतं. तिला तेलुगू येतं, कन्नड कळतं, उर्दूत घरच्यांशी बोलता येतं. पूर्व भागात मराठीतला फॉर्म समजावून सांगायला दुसरं कोण मिळणार आहे?

तुमच्या बहुतेक नेमणुका निवडणुकीच्या तोंडावर होतात आणि कागदावरच राहतात, कारण भागाऐवजी प्रभागाचा हिशोब धरलेला असतो. एका केंद्रावर आता जास्तीत जास्त १२०० मतदार असतात. एका बीएलएला साधारण तीन-साडेतीनशे घरं. रोज संध्याकाळी तासभर फिरलं तर पंधरा-वीस घरं होतात, म्हणजे तीन आठवड्यांत भाग पालथा घालता येतो. हा हिशोब आमच्या आवाक्यातला आहे.

नव्या नोंदणीत काय चुकतं तेही सांगतो, कारण शिबिरं भरतात, फोटो निघतात आणि निम्मे अर्ज पुढे अडकतात. नवीन नावासाठी अर्ज ६. आधी कुठेही नाव असेल, अगदी गावाकडे अक्कलकोटला किंवा मंगळवेढ्याला, तर अर्ज ६ भरायचा नाही. पत्ता बदलायला अर्ज ८. शिबिरातला कार्यकर्ता सर्रास सगळ्यांच्या हातात ६ नंबर देतो. त्या अर्जात ‘माझं नाव दुसरीकडे नाही’ अशी घोषणा असते, आणि खोट्या घोषणेला लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मुलाला हे कोणी सांगत नाही. अर्ज ६ मध्ये घरातल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक टाकला तर नाव कुटुंबाच्याच भागात बसतं. तो न टाकल्यामुळे आई एका शाळेत, मुलगी दुसऱ्या शाळेत मतदानाला जाते. शहर तीन मतदारसंघांत वाटलेलं आहे: शहर उत्तर, शहर मध्य आणि हद्दवाढीचा बराच भाग सोलापूर दक्षिणमध्ये. रस्ता ओलांडला की मतदारसंघ बदलतो. म्हणून अर्जात पेठ आणि घर क्रमांक लिहा, ‘मारुती मंदिरामागे’ पुरत नाही.

वसतिगृहातल्या मुलामुलींना दोन्हीपैकी एक निवडता येतं: गावचं घर किंवा वसतिगृह. वसतिगृहाच्या पत्त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांचा दाखला आयोगाच्या ठरलेल्या नमुन्यात लागतो. कॉलेजच्या खिडकीवर बस पाससाठी मिळणारं बोनाफाईड जोडून लोक मोकळे होतात आणि अर्ज परत येतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे ना वीजबिल, ना भाडेकरार. घरमालक लिहून द्यायला तयार नसतो, मग बीएलओची प्रत्यक्ष भेट हाच आधार. तो कधी येणार हे आधी कळलं तर मुलगा त्या वेळी खोलीवर थांबू शकेल.

२०२२ पासून पात्रतेच्या चार तारखा झाल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे हे काम बारावीच्या वर्गातच उरकायला हवं. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस आणि मग घरभेट, त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर धावणाऱ्यांची नावं बऱ्याचदा राहतात. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीला हात लावता येत नाही. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ आम्ही दरवर्षी घेतो. त्याच दिवशी कॉलेजच्या सभागृहात चार टेबलं, दोन लॅपटॉप आणि सहीचे अधिकार असलेला एक माणूस एवढं मिळालं तरी शपथेला अर्थ येईल.

आता नावाबद्दल. ही सोलापूरची खास अडचण आहे आणि तिच्यावर कोणत्याच पक्षाचं भाषण ऐकलं नाही. या शहरात चार भाषा बोलल्या जातात आणि सगळे कागद मराठी आणि इंग्रजीत. व्यंकटेश हे नाव इंग्रजीत कोणी ‘व्हीई’ने सुरू करतो, कोणी ‘व्हीवाय’ने. तेलुगू घरात आडनाव आधी लिहायची रीत, आजोबांच्या कागदावर तर आडनावाचं फक्त आद्याक्षर. बसवराजमधला ‘व’ ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, महंमद पूर्ण की ‘मो.’ आणि टिंब. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं आधी. बँकेत जो फॉर्म भरला त्याच्या मर्जीने. शाळेत असताना याने काही अडत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की सगळं एकदम अडतं, कारण तिथे नाव आधारवरून आपोआप येतं, कॉलेजचा लिपिक ते गुणपत्रिकेशी ताडून पाहतो आणि अर्ज परत पाठवतो. मोबाईल क्रमांक बदललेला असला तर परत आल्याचा संदेशही पोहोचत नाही. तीन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा मुदत संपलेली असते.

दुरुस्तीचा क्रम उलटा धरल्यामुळे वर्ष वाया जातं. दहावीच्या मंडळाच्या नोंदीतलं नाव बदलणं सर्वांत कठीण, म्हणून तेच प्रमाण धरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. मग बँक, मग पॅन. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदा. शाळेत पंधराव्या वर्षी करायचं बोटांच्या ठशांचं नूतनीकरण राहिलेलं असतं, त्यामुळे पडताळणी फसते, ते त्याच फेरीत उरकून घ्या.

नाव जुळलं की पैशाचा प्रश्न येतो. ‘खातं आधारशी लिंक आहे’ म्हणजे पैसे येतील असं नाही. बँकेच्या केवायसीत आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभासाठी खातं आधारशी सीड करणं वेगळं. त्यासाठी बँकेत स्वतंत्र संमतीपत्र द्यावं लागतं. एका वेळी एकच बँक सीड राहते, आणि सर्वांत शेवटी जी जोडली तिच्यात पैसे जातात. कोणीतरी गल्लीत येऊन अंगठा घेऊन नवं खातं उघडून देतो, सीडिंग तिकडे सरकतं आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात पडते. शाळेत उघडलेलं खातं अठराव्या वर्षी सज्ञान करून घ्यावं लागतं. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होऊ शकतं. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या प्रत्येक जनसंपर्क कार्यालयात एक संगणक आणि हे पाहून देणारा एक विद्यार्थी जून ते डिसेंबर बसवा. पगार नको, चहा आणि पंखा पुरे.

उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून दरवर्षी नवा. यंत्रमाग कामगाराकडे पगारपत्रक नसतं, मग तलाठ्याच्या चौकशीवर गाडी थांबते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पण अपिलासाठी अर्जाची पोचपावती लागते. सेतूत गर्दीत कागद दिला आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परतलं, की हक्क संपला. तुमच्या कार्यकर्त्याने साहेबांना फोन लावून एकाचं काम करण्यापेक्षा रांगेत उभं राहून पन्नास जणांना पावती मागायला लावावी. फोनने उपकार होतो, पावतीने हक्क मिळतो, आणि आम्हाला दुसरं हवं आहे.

यात एक काम फक्त खासदारांचं आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आई आणि वडील दोघंही महिन्याला अकरा हजार कमावत असतील तर वर्षाचे होतात २ लाख ६४ हजार. दोन कष्टकऱ्यांचं घर मर्यादेबाहेर. सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ही मर्यादा कधी वाढणार हा प्रश्न इथूनच सभागृहात गेला पाहिजे. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नांच्या रोजच्या वीसांत नंबर लागला नाही तर अतारांकित विचारा, उत्तर लेखी येतं आणि ते आम्ही वाचू. केंद्राचा हिस्सा नेमका कोणत्या महिन्यात खात्यावर येतो, हेही त्याच प्रश्नात जोडा. फी कॉलेज सुरू होताना मागितली जाते.

विद्यार्थी निवडणुकांबद्दल थोडक्यात, कारण इथे मुद्दा गुंतागुंतीचा नाही. महाराष्ट्रात कॉलेजांतल्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात थांबल्या. सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ ने विद्यार्थी परिषदेचं दार पुन्हा उघडलं, २०१९ मध्ये निवडणुका ठरल्या आणि विधानसभेसाठी पुढे ढकलल्या. मग कोविड. हिंसाचाराची भीती दाखवली जाते ती खोटी नाही, पण त्यावरचं उत्तर विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने २००६ मध्येच दिलं आहे: उमेदवाराला ५००० रुपयांची खर्चमर्यादा, ७५ टक्के हजेरी, पदवीसाठी १७ ते २२ वय, छापील पोस्टर बंद, पक्षांचा पैसा बंद. आमचं विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं आहे. राज्यात ही निवडणूक नीट घेऊन दाखवायला याहून आटोपशीर जागा कोणती? सगळे पक्ष मिळून एकाच मागणीवर सही करू शकाल अशी ही गोष्ट आहे.

मिरवणुकीतल्या आवाजाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जयंती कोणत्याही समाजाची असो, गणपती असो, त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न ट्रकभर स्पीकरचा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि शाळा-रुग्णालयांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. पत्र्याच्या छताच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला स्पीकरच्या त्या भिंतीसमोर दिवसभर बसणं अशक्य होतं, आणि शेजाऱ्यांना आजोबांना घेऊन दुसऱ्या नातेवाइकांकडे जावं लागतं. मंडळांना वर्गणी तुम्ही देता. वर्गणी लेझीम आणि हलगीला द्या, स्पीकरच्या भिंतीला देऊ नका. तुमचा एक नकार पोलिसांच्या दहा नोटिसांपेक्षा जास्त चालतो. आणि ज्या मोबाईल ग्रुपवर रात्री दुसऱ्या समाजाबद्दल विष पसरवलं जातं, त्यात तुमचे पदाधिकारी ॲडमिन असतील तर त्यांना पद सोडायला सांगा. १२ जानेवारीला तुम्ही सगळे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर येता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन एकाच दिवशी, १९३१ मध्ये येरवड्यात फासावर गेले. त्या चार नावांच्या शहरात गल्लीगल्लीत फूट पाडणारा मजकूर कोणाच्याही फोनवरून जाऊ नये, एवढं तुम्ही ठरवू शकता.

आमच्यातले बरेच जण पदवीनंतर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात आणि परत येत नाहीत. त्यांची नावं इथल्या यादीत वर्षानुवर्षं राहतात, मतदानाच्या दिवशी भाड्याच्या गाड्या पाठवून तुम्ही त्यांना आणता. त्यापेक्षा त्यांना अर्ज ८ भरायला सांगा, आणि जे इथे राहतात त्यांची नावं आधी नीट लावा.

पुढच्या पात्रता तारखेआधी आम्हाला तीन गोष्टी कळवा: तुमच्या पक्षाचा बीएलए-१ कोणाच्या नावे दाखल आहे, शहरातल्या किती यादी भागांत तुमचा प्रतिनिधी नेमलेला आहे, आणि रिकामे भाग कोणते. रिकाम्या भागांत राहणाऱ्या, स्वतःचं नाव यादीत असलेल्या विद्यार्थ्यांची नावं आम्ही भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह देऊ. ते कोणत्या पक्षाकडून काम करायचं हे त्यांचं ते ठरवतील. बीएलए-२ च्या कोऱ्या प्रती आणि सही करणारा माणूस तेवढा पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सोलापुरातील मतदार विद्यार्थी